बॉयलरवाल्याची बनियन

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात मी सारी नोकरी बॉयलरसमोर काढली. बॉयलर म्हणजे मान वर करून पाहिलं तर डोक्यावरचं हेल्मेट मागं पडावं एवढा उंच. वर त्याचं काम तो करायचा आणि खाली उभा राहून मी सगळ्यांवर ओरडायचो. ओरडणं हा माझ्या कामाचाच भाग आहे असं मी मानत होतो. बायको तसं मानत नाही. तिचं म्हणणं, बॉयलर आपोआप चालत होता, तुमी नुसते कल्ला करत होते.

माझं खास वेड म्हणजे लाल पाटी. आमच्याकडे नियम असा, की कुठल्याही पाइपाचं तोंड बंद केलं की तिथं लाल पाटी टांगायची, वहीत लिहायचं, सही ठोकायची. ज्यानं तोंड बंद केलं त्यानंच ते उघडायचं आणि पाटीही त्यानंच काढायची. नवी पोरं याला कंटाळत. मी त्यांना एवढं झापायचो, की लोक माझ्या मागं मलाच लाल पाटी म्हणत. हे मला माहीत होतं आणि मला ते आवडायचंही. घरीसुद्धा मी हा नियम लावला होता. सुट्टीत गावाला निघालो, की गॅसच्या रेग्युलेटरला मी लाल पुठ्ठा बांधायचो. पोरगी दुसरीत असताना तिनं तो पुठ्ठा भातुकलीत घेतला, तर मी तिला अर्धा तास समोर उभी करून भाषण दिलं. ती बिचारी रडायचंही विसरली.

ही सगळी फुशारकी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं ती मला महागात पडणार आहे.

निवृत्त झाल्यावर पोंभुर्ण्याला घर बांधलं. दोन वर्षांनी पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं. दिवस पौषातले. आमच्याकडचा उन्हाळा सगळ्यांना माहीत असतो, पण जंगलाकडून येणारी पौषातली थंडी काय चीज आहे ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्यात बाळंतिणीची आंघोळ म्हणजे दोन तांबे ओतले आणि झालं, असं नसतं. आधी तेल, मग मालीस, मग कढत पाणी कमरेवर ओतत राहायचं, तासभर. घरी तांब्याचा बंब होता. पण बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आणि डॉक्टरनं धुरापासून दूर राहायला सांगितलेलं. सरपणही मिळेना, कारण वाघ गावच्या नाल्याच्या अलीकडं फिरत होता आणि मोळी विकणाऱ्या बायकांनी येणं बंद केलं होतं. विजेच्या हिटरचं म्हणाल तर सकाळी व्होल्टेज असं पडतं, की पाणी कोमट व्हायलाही दुपार उजाडते. वीज तयार करण्यात हयात गेलेल्या माणसाला हे लिहावं लागतं, यापरता अपमान नाही.

जावयानं नागपूरहून गॅसचा गिझर पाठवला. हातभर उंचीची पांढरी पेटी. खाली जाळ, मधून पाणी, आणि जळलेला वायू बाहेर नेणारा पाइप लावायला वर गोल तोंड. मी तो खोक्यातून काढला, टेबलावर ठेवला आणि त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या. बायको म्हणाली, आला तुमचा छोटा बॉयलर, आता ओरडा.

बसवायला गावातला फिटर बोलावला. शेगड्या दुरुस्त करणारा, चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्यानं पहिल्यांदा न्हाणीतच एक भिंत दाखवली. इथी लावतो, सारेच इथीच लावतेत, म्हणाला. मी खुर्चीतून उठलोच. बंद न्हाणीत जाळ म्हणजे काय ते त्याला समजावलं. गॅस जळायला हवा लागते, हवा कमी पडली की एक विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला वाटतं झोप येऊन राह्यली, आणि तो झोपतो तो उठतच नाही. फिटरनं शांतपणे ऐकलं आणि मग कुठी लावू, असं विचारलं.

न्हाणीला लागून आमची सरपणाची खोली आहे. तिथं गिझर टांगायचं ठरलं. सिलिंडर बाहेर भिंतीशी, सावलीत, उभा, साखळीनं बांधलेला. तिथून तांब्याची नळी भिंतीत भोक पाडून आत, आणि ते भोक मऊ रबरानं भरलेलं, म्हणजे नळी विटेवर घासायला नको. खोलीच्या बाहेरच्या भिंतीला खाली एक जाळी आणि वर, हात पोचेल एवढ्यावर, एक जाळी, हवा यायला-जायला. आणि गिझरच्या डोक्यावरून धुराचा पाइप सरळ वर नेऊन, एकच वाक देऊन, पेरूच्या झाडाकडं बाहेर काढलेला. हे सगळं मी कागदावर काढून दिलं होतं, खाली सहीसकट. फिटरनं कागद घडी करून खिशात ठेवला आणि काम मात्र आपल्या डोक्यानं केलं. काम त्यानं चांगलं केलं, हे मला तेव्हा कबूल करायचं नव्हतं.

आमचं वाजलं ते दोनदा. नळी जोडून झाल्यावर गळती पाहायला त्यानं खिशातून लायटर काढला. मी असा ओरडलो, की शेजारची बाई दाणे निवडायचं सोडून कुंपणापाशी आली. जोडावर साबणाचं पाणी लावायचं असतं, बुडबुडा आला तर गळती, लायटर लावला तर आपली सगळ्यांची तेरवी. त्यानं लायटर ठेवून दिला. बायकोनं भांड्याच्या साबणाचा फेस करून दिला, आम्ही प्रत्येक जोडाला लावला, एक बुडबुडा आला नाही. पहिली बाजी मी मारली होती.

मग तो वर पाहत म्हणाला, की सरपणाची खोली आणि न्हाणी यांच्यामधली भिंत छतापर्यंत नाही, वर वीतभर फट आहे, तेवढी विटांनी भरून घ्या. आता एकदा जिंकलेला माणूस दुसऱ्यांदा कशाला ऐकतो? मी म्हटलं, राहू द्या, हवा खेळती राहील, मी बॉयलरवाला आहे. त्यानं सामान बांधलं, चहा घेतला, गेला. गिझर पेटला, पाणी कढत आलं, पाइपातून गरम वाफारा पेरूच्या पानांवर गेला. मी खूश होऊन त्या दिवशी दोनदा आंघोळ केली.

पोरगी यायला तीन आठवडे होते आणि तोवर गिझर पेटवायचा नाही असं मीच ठरवलं. दोनचार दिवसांनी पाहतो तर पाइपाच्या तोंडाशी कुंभारमाशी. ही माशी ओली माती आणून कुठल्याही भोकात आपलं घर बांधते. कुलपात बांधते, टेपच्या प्लगमध्ये बांधते, आमच्या केंद्रात तिनं एकदा प्रेशर मीटरच्या नळीत बांधलं होतं. मी स्टूल घेतलं, दोरीवर वाळत असलेली एक जुनी बनियन ओढली, बोळा केला आणि पाइपाच्या तोंडात खोलवर दाबून बसवला. तात्पुरता. पोरगी आली की काढायचा.

लाल पाटी लावावी असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पाटी आणायला खोलीत जावं लागलं असतं. घरात होतं तरी कोण, मी आणि बायको. गिझर पेटवणार मीच. कोणासाठी पाटी टांगायची?

आणि मग पोरीचं पोट दहा दिवस आधीच दुखू लागलं. ती नागपूरहून येऊन दोन दिवस झाले होते, गिझर अजून पेटवला नव्हता. गाडी, चंद्रपूरचं हॉस्पिटल, सलाईन, जावयाचे फोन, चार दिवस मी कोणत्या दुनियेत होतो ते मला आठवत नाही, पाइपातला बोळा तर डोक्यातून पार गेला. नात झाली. पावणेतीन किलोची, केसांचा झुपका, आणि तोंड उघडलं की थेट माझा आवाज. नर्स म्हणाली, ही घर डोक्यावर घेणार. मला एवढा आनंद झाला, की वॉर्डातल्या सगळ्या पंख्यांची बटणं मी उगाचच तपासून पाहिली.

घरी आणायच्या आदल्या दिवशी बायको पुढं निघून आली होती आणि तिनं तिची तयारी केली होती. आमच्याकडे बाळंतिणीला सगळ्यात भीती कशाची तर वाऱ्याची. डोक्याला फडका, कानात कापूस, पायात मोजे, आणि ती जिथं न्हाईल तिथं एक झुळूक आत आली नाही पाहिजे. झुळूक लागली की म्हातारपणी सांधे धरतात, हे आमच्या घरात आई लेकीला सांगत आली आहे. बायकोनं न्हाणीच्या खिडकीला खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली होती. मग तिच्या लक्षात आलं, की वरच्या फटीतून वारा येतो. फट उंच, हात पोचेना. म्हणून तिनं मुळावरच घाव घातला. सरपणाच्या खोलीत जाऊन माझ्या दोन्ही जाळ्यांत जुन्या गोधड्या ठासून बसवल्या. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी भाषण दिलं असतं.

तर अशी आमची तयारी झाली. खाली गोधड्या तिच्या, वर बनियन माझी. संसार दोघांनी मिळून करायचा असतो म्हणतात.

मालीस करायला एक बाई येत असे. जंगलातल्या गावची, गोंडाची, साठीच्या पुढची, हात असे की परातीत कणीक मळावी तशी पाठ मळायची. तालुक्यातल्या कितीतरी बाळंतिणींची कंबर तिनं सरळ केलेली. वाघामुळे ती उन्हं वर आल्याशिवाय निघत नसे. भाच्याच्या मोटारसायकलवर मागं बसून यायची, उतरताना त्याला दोन शिव्या द्यायची आणि मग मला जोहार करायची. तिला मी सुरुवातीपासून जरा टरकून होतो, कारण ती माझं भाषण अर्ध्यात तोडून आत निघून जायची.

पहिल्या दिवशी तिनं पोरीला न्हाऊ घातलं. मी घाईघाईनं गिझर पेटवून दिला, मागं जाळ्यांकडं पाहिलंच नाही, आणि बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसलो. तासाभरानं पोरगी बाहेर आली ती भिंत धरून. डोकं जड, मळमळ. बायको म्हणाली कमजोरी आहे, डिंकाचा लाडू द्या. मीही म्हटलं कमजोरी आहे. बाळंतिणीला काहीही झालं की घरातला प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या उंबऱ्यावर तिचे पाय लटपटले आणि मालीसवाल्या बाईनं तिला कवेत धरली म्हणून ती पडली नाही. आम्ही लाडू दोन केले. खाटेवर पडून पोरगी म्हणाली, बाबा, न्हाणीत बसलं की मले नुसती झोप येते. मी म्हटलं, चांगलं आहे, झोप पाहिजेच.

हे वाक्य मला आजही ऐकू येतं. फिटरला मी जे शब्द सांगितले होते तेच शब्द पोरगी मला सांगत होती आणि मी तिला लाडू भरवत होतो.

तिसऱ्या दिवशी नातीची पहिली आंघोळ होती. तोवर तिला ओल्या फडक्यानं पुसत होते. बायकोनं नवं झबलं काढून ठेवलं, हळद लावली, काजळाची डबी शोधली. बाई आली, हातपाय धुतले, नातीला उचलून घेतलं, न्हाणीच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. मग मागं फिरून अंगणात, माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, पोरीले कमजोरी आहे म्हनता ना तुमी?"

मी हो म्हटलं.

"मंग दोन दिवसांपासून माह्यं डोक्सं काऊन दुखून राह्यलं? मी का बाळंतीन आहो?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. थंडी, वय, मोटारसायकलवरचा वारा, असं काहीतरी. ती ऐकायला थांबली नाही. तिनं सांगितलं, की तिचं डोकं या जन्मात दुखलेलं नाही, आणि गेले दोन्ही दिवस न्हाणीतून बाहेर पडून अंगणात आलं की ते आपोआप थांबतं. म्हणजे जे आहे ते आत आहे. तिनं नातीला आणखी पोटाशी धरलं. मी तिला म्हटलं, थंडी वाढते, आधी आंघोळ उरकून घ्या, मग पाहू. तिनं मान हलवली.

"हिल्ले," ती म्हणाली. त्यांच्या गोंडीत याचा अर्थ नाही. "हे लेकरू मी आत नेत नाई."

आणि मग मला कळलं. एका क्षणात, पायापासून वरपर्यंत. झोप, डोकेदुखी, मळमळ, बाहेर आलं की बरं. आमच्या केंद्रात हे पहिल्या दिवशी शिकवतात. मीच शिकवत होतो.  मी पोरीला खाटेवरून उठवून अंगणात उन्हात आणून बसवलं, सिलिंडर बंद केला, घरातली सगळी दारं-खिडक्या उघडल्या. बायको ओरडली, वारा लागंल. मी म्हटलं, लागू दे.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईला फोन लावला. ती मोकळी होती, घरी आली, पोरीला आणि मालीसवाल्या बाईला तपासलं, ठीक आहे म्हणाली, पण आज बाहेरच बसा आणि त्या न्हाणीत कोणी जाऊ नका. एवढं ऐकल्यावर माझा जीव जागेवर आला. आणि जीव जागेवर आल्याबरोबर, माझ्या स्वभावाप्रमाणे, मी चौकशी सुरू केली.

पहिल्यांदा फिटर. त्याला फोनवर एवढं बोललो, की बॅटरी वीस टक्क्यांवर आली. पाइप चुकीचा लावला, वाक चुकीचा दिला, तुमच्यासारख्यांच्या हाती लोकांचे जीव. तो एवढंच म्हणाला, आलो. तो येईपर्यंत बाईनं शेगडी मागितली. निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकून तिला धुरी करायची होती. धूर कुठी जाते ते पाहा, म्हणजे हवा कुठी जाते ते समजते, म्हणाली. रोज ती बाळंतिणीला धुरी द्यायची, पण दार उघडं टाकून. निखारा आत असला की दार लावत नाई, असं तिच्या आईनं तिला शिकवलेलं. माझ्या आणि तिच्या आईच्या ट्रेनिंगमध्ये एवढाच फरक, की तिनं ते पाळलं होतं.

गिझरच्या खोलीत मी निखारे नेऊ देईना. त्याऐवजी उदबत्ती घेतली. आधी सगळ्या जोडांना पुन्हा साबणाचं पाणी लावलं, गळती नव्हती. दार सताड उघडं ठेवून गिझर पेटवला, दोन मिनिटं थांबलो आणि उदबत्ती त्याच्या डोक्याशी, धुराच्या पाइपाच्या बुडाशी धरली. धूर पाइपात ओढला जायला पाहिजे होता. तो वळून माझ्या तोंडावर आला, मग वर चढला आणि वीतभर फटीतून न्हाणीत शिरला. फिटर भरून घ्या म्हणत होता ती फट. बाई माझ्या मागं उभी राहून पाहत होती.  मी गिझर बंद केला.

मागं वळलो तर जाळ्यांत गोधड्या. मला दुसरा गुन्हेगार सापडला. बायकोला बोलावलं आणि अंगणात, शेजारणीच्या देखत, मी तिला बोललो. तीस वर्षं बॉयलरवाल्याच्या घरात राहून तुला एवढं कळू नये, हवेची जागा बुजवतात का, पोरीच्या जिवावर उठली होतीस. ती गोधडी हातात घेऊन खाली पाहत राहिली. तिचे ऑपरेशनवाले डोळे पाण्यानं भरले. हे मी आज लिहितो तेव्हा स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते. पण तेव्हा मला थांबता येत नव्हतं, कारण थांबलो असतो तर भीती वाटली असती.

तेवढ्यात फिटर आला. माझं सगळं ऐकून घेतलं. मग स्टूल पेरूखाली ठेवलं, वर चढला, पाइपाच्या तोंडात डोकावला, आणि खाली उतरून सायकलच्या तारेचा आकडा केला. पुन्हा चढला. आकडा आत घातला आणि ओढला. आतून काहीतरी काळपट, लांबलचक निघू लागलं. निघता निघता त्याला दोन खांदे आले, एक गळा आला, आणि पोटापाशी एक खिसा आला.

खिशाची बनियन गावात मी एकटाच घालतो. ड्युटीवर चष्मा ठेवायला म्हणून मी बायकोकडून तो खिसा शिवून घेत असे. या बनियनचा खिसा हिरव्या दोऱ्यानं शिवलेला होता, कारण त्या दिवशी पांढरा संपला होता. बायकोनं गोधडी खाली ठेवली, जवळ आली, तो हिरवा दोरा बोटानं चाचपला आणि माझ्याकडं पाहिलं.  

फिटरनं बनियन दोन बोटांत धरून उन्हात उलटसुलट केली.

"साहेब," तो अगदी आदरानं म्हणाला, "हे कोन्त्या नंबरचं फिटिंग होय?"

शेजारीण कुंपणाला धरून हसायला लागली. मालीसवाली बाई पदरात तोंड घालून हसली. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच मी पेरूखाली जमिनीवरच बसलो. रडलो की नाही ते सांगत नाही. एवढं सांगतो, की नात झाल्यावरही मी एवढा हललो नव्हतो. समोर खाटेवर पोरगी बसली होती, कानात कापूस, डोक्याला फडका, मांडीवर ती पावणेतीन किलो. ती हसत नव्हती. ती माझ्याकडं पाहत होती, दुसरीत असताना पाहत होती तशी.

"बाबा," ती म्हणाली, "लाल पाटी काऊन नाई लावली?"

 तिनं अर्धा तास भाषण दिलं नाही. नातीला उचलून माझ्याकडं दिलं आणि म्हणाली, धरा, माह्ये हात भरून आले. ते खरं नव्हतं, पण मी धरली.

त्याच दुपारी फिटरनं फट विटांनी भरली. मी तगारीनं सिमेंट कालवून देत होतो आणि तो वरून सांगत होता, पातळ झालं, घट्ट करा. मी घट्ट करत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी खाली उभा होतो आणि दुसरा कोणी ओरडत होता, तोही फार हळू. पाइपाच्या तोंडाला त्यानं बारीक जाळीची नव्हे, मोठ्या भोकांची टोपी बसवली, म्हणजे धूर अडायला नको. तिच्यातून माशी शिरू शकते, तर रोज पाहत जा, म्हणाला. आता व्यवस्था अशी झाली, की न्हाणीत झुळूक नाही आणि यंत्राच्या खोलीत वाराच वारा. बायकोचं बाळंतपण आणि माझा बॉयलर, दोघांचंही समाधान एका विटांच्या ओळीनं झालं, जी त्या माणसानं पहिल्याच दिवशी सांगितली होती.

बायकोची माफी मी त्या संध्याकाळी मागितली. तिनं ऐकलं आणि म्हणाली, गोधड्या मी ठासल्या ते खरंच आहे, पण मी निदान घरातल्या घरात चूक केली, तुमी स्टुलावर चढून केली.

मालीसवाली बाई मात्र एवढ्यावर सोडायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिनं नियम केला. गिझर पेटवल्यावर मी उदबत्ती घेऊन आत उभं राहायचं. धूर पाइपात जाताना दिसला की बाहेर पेरूपाशी जाऊन, स्टुलावर चढून, पाइपाच्या टोपीवर हात धरायचा, गरम वारा लागला पाहिजे. मग न्हाणीच्या दाराशी येऊन मोठ्यानं सांगायचं. तोवर ती नातीला घेऊन अंगणात उन्हात बसून राहणार. रोज अंगणातून ती विचारायची, काय भाऊ, ओढून राह्यला का? आणि मी सांगायचो, हाव, ओढून राह्यला. मगच ती उठायची. एक दिवस मी आळस केला आणि न पाहताच हाव म्हटलं. तिनं माझ्या हातातल्या उदबत्तीकडं पाहिलं, ती पेटलेलीच नव्हती. पुन्हा पाठवलं. असा सव्वा महिना माझ्यावर शिफ्ट लागली, तीही रजेशिवाय. पोरीचं डोकं परत एकदाही दुखलं नाही, आणि नात आंघोळीला बसली की असा कल्ला करायची, की शेजारणीला घड्याळाची गरज पडत नव्हती.

बाईची लुगडं-चोळी करून पाठवणी झाली, पुढच्या आठवड्यात पोरगीही नागपूरला गेली. घर एकदम मोठं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, उदबत्ती पेटवली, यंत्राच्या खोलीत जाऊन उभा राहिलो, आणि मग आठवलं, की न्हायला कोणीच नाही. तरीही पेटवून पाहिलं. ओढत होता. सांगायला दाराशी आलो तर अंगण रिकामं.

चार दिवसांनी पोरीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाली, त्यांच्या फ्लॅटमध्येही गॅसचा गिझर आहे आणि तो न्हाणीतच लावलेला आहे. ती आल्यापासून तिनं तो पेटवू दिलेला नाही. लेकराचं पाणी चुलीवर, म्हणजे शेगडीवर तापवते. सासू चिडून आहे, जावई म्हणतो इतकी वर्षं काही झालं नाही. पण तिनं सगळ्यांना सांगून टाकलं आहे, की तिचे बाबा येऊन पाहतील तेव्हाच तो पेटेल, आणि तोवर तिनं त्याला लाल पुठ्ठा बांधून ठेवला आहे.

 येतो, एवढंच म्हटलं. मग घरभर फिरून सामान काढलं. उदबत्तीचा पुडा, साबणाच्या पाण्याची बाटली, मोजपट्टी, कोरा कागद. फिटरला फोन करून विचारलं, त्याला एक दिवस वेळ आहे का. तो म्हणाला, तुमी सोबत असाल तर लायटर घरी ठिवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं लावत मी दारात उभा होतो. बायकोनं डिंकाच्या लाडवांचा डबा पिशवीत ठेवला. मग माझी कॉलर सरळ करायच्या निमित्तानं आत बोट घालून पाहिलं.

"बनियन घातली ना?"

मी म्हटलं, घातली.

"मंग येतानाबी अंगातच असू द्या," ती म्हणाली, आणि डब्याची पिशवी माझ्या हातात दिली.